स्ट्रेचर कामात आहे

मित्रांनो, मी एक जुना लष्करी स्ट्रेचर आहे. दोन सागवानी दांडे, मध्ये जाड कॅनव्हास आणि माणूस घसरू नये म्हणून बांधायचे पट्टे, एवढाच माझा संसार. माझ्यावर आडवा झालेला माणूस सहसा खोटे बोलत नाही. त्याला तेवढी सवड नसते. खोटे बोलतात ते बाजूला उभे राहिलेले. हे मला फार वर्षांपासून ठाऊक होते. पण ते किती बोलू शकतात, हे मो थविन वारले तेव्हा कळले.

मो म्हणजे डॉक्टर. मेजर थविन लष्करातून निवृत्त झाले तरी नान नदीकाठच्या आमच्या गावात सगळे त्यांना मो थविनच म्हणत. त्यांचा मुलगा विसूत रस्त्यांचा कंत्राटदार आहे. त्याने बांधलेला रस्ता एका पावसाळ्यात वाहून जातो आणि पुढच्या पावसाळ्याआधी तोच तो पुन्हा बांधतो. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला खांबांवरच्या घराखालून ओढून काढले. माझ्या कॅनव्हासवर जुने डाग होते. काही रक्ताचे, काही चिखलाचे, एक आयोडिनचा. त्याने ते ब्लीच टाकून घासायला लावले. दांड्यांना व्हार्निश फासले. मग मला विहाराच्या मंडपात नेले आणि शवपेटीशेजारी, वडिलांचा फोटो, गणवेश आणि पदके मांडली होती तिथे घडवंचीवर चढवून मोगऱ्याचा हार घातला. स्ट्रेचरला हार! बैलाला चष्मा लावावा, तसा मी दिसत होतो.

माझ्या एका बाजूला पंखे होते. हल्ली पुष्पचक्राऐवजी विजेचा पंखा देतात. जाळीवर कागदी फुले चिकटवायची आणि आडव्या पट्टीवर देणाऱ्याचे नाव लिहायचे. मृताचे नाव बारीक, देणाऱ्याचे ठळक. उकाडा मरणाचा होता, तरी एकही पंखा चालू नव्हता. चालू केला की पट्टी उडते आणि नाव वाचता येत नाही.

सर्वांत मोठा पंखा खासदार प्रचुआब याचा होता. हा गावात 'वीरांचे दालन' नावाची इमारत बांधत होता. इमारत उभी राहिली होती, आत ठेवायला वीर मिळत नव्हते. म्हणून त्याची नजर माझ्यावर पडली. विसूतने त्याला शब्द देऊन टाकला. दहनाच्या दिवशी प्रचुआब मुख्य पाहुणा म्हणून पहिला अग्नी देणार, त्याआधी माइकवरून मला मागणार, विसूत हात जोडून हो म्हणणार आणि फोटो निघणार, असे सगळे ठरले.

विसूतची थोरली बहीण उराई जिल्ह्याच्या शाळेत शिकवते. तिला हे आदल्या दिवशी कळले. ती मंडपातच भावासमोर उभी राहिली.

"शब्द देऊन मोकळा झालास? मला विचारलंस?"

"ताई, अगं एक जुनापुराणा स्ट्रेचर आहे. इतकी वर्षं तू त्याच्यावर मिरच्या वाळवत होतीस."

"मिरच्या वाळवल्या. खोटं नाही वाळवलं."

"यात खोटं काय? खासदार स्वतः म्हणतात, तरुणपणी मीसुद्धा याच्यावर झोपलोय, बाबांनी मला तपासलंय."

"झोपला होता, खरंय," उराई म्हणाली. "उठला कसा, ते विचार त्याला."

विसूतने विचारले नाही. त्याला एका पुलाचे काम हवे होते, आणि पूल हवा असलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

उराईला ती हकीकत ठाऊक होती, कारण सार्जंट बुनतान या वडिलांच्या जुन्या सहकाऱ्याने तिला ती एकदा सांगितली होती. मो थविन यांनी स्वतः कधीही सांगितली नाही. मी सांगतो. मी डॉक्टर नाही. मला कसली शपथ नाही.

माझा जन्म राजधानीजवळच्या एका कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. शिवणाऱ्या बाईचा माझ्यावर एक टाका चुकला आणि तपासनिसाने तरीही 'उत्तम'चा शिक्का मारला. तपासनिसांबद्दलचे माझे मत तिथेच तयार झाले. पुढे मला मो थविन यांच्या हाती दिले. तेव्हा ते तरुण कॅप्टन होते. हाडकुळे, चिडके, कोणाचीही स्तुती न करणारे. बुनतानने चिखलातून, काट्यांतून जखमी माणूस आणला तर ते "हं" म्हणत. बुनतान त्या एका "हं"वर आठवडाभर खूश असे. मला दोघांचीही कीव येई.

आमच्याकडे एप्रिलमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या काढतात. वयात आलेली मुले शाळेच्या पटांगणात उघड्या अंगाने रांगेत बसतात. आधी डॉक्टर तपासतो, मग ज्याने त्याने डब्यात हात घालून आपली चिठ्ठी काढायची. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर बराकीत. लाल चिठ्ठी पाहून कोसळणाऱ्यांना उचलायला मी तिथे असे. रात्रभर कोंबड्यांच्या झुंजीत मर्दुमकी गाजवलेले पैलवान लाल कागदाचा कपटा पाहून माझ्यावर आडवे होताना मी पाहिले आहेत. पण ते निदान खरोखर बेशुद्ध पडत.

एका वर्षी भातगिरणीच्या मालकाचा मुलगा चालत आला नाही. गिरणीच्या हमालांनी त्याला फाटकापर्यंत पाठीवर आणले आणि तिथून माझ्यावर घातले. डोळे मिटलेले, जीभ एका कडेला, पाय लाकडासारखे. हाच प्रचुआब.

"चिंचेवरून पडला हो डॉक्टर," बाप घाम पुसत म्हणाला. "कमरेखाली काही म्हणून कळत नाही त्याला."

"चिंचेवर कशाला चढला?"

"चिंचा काढायला."

"आणि तुमचे हमाल काय करत होते?"

बापाने पुन्हा घाम पुसला. मो थविन यांनी मुलाच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय टणकन उडाला.

"तो आपोआप उडतो," बाप घाईघाईने म्हणाला.

"हो का? कोणी शिकवलं?"

मुलाच्या ओठाचा कोपरा हलला. मो थविन यांनी वाद घातला नाही. ते बुनतानला म्हणाले, "मुलाला ऊन लागतंय. आंब्याखाली नेऊन ठेव."

"साहेब, आंब्याखाली? पण मी सकाळीच तिथं..."

"सावली आहे ना? मग ठेव."

एप्रिल हा आमच्याकडे लाल मुंग्यांच्या अंड्यांचाही महिना. ती कालवणात घालतात, अंड्याच्या पोळीत घालतात, आणि त्यासाठी वेड्यासारखी झाडे धुंडाळतात. बुनतानने त्या सकाळी जेवणासाठी त्याच आंब्यावरचे पानांचे घरटे बांबूने फोडले होते. खाली टोपलीत अंडी पडली होती, वर फांद्यांवर पिसाळलेल्या मुंग्या राहिल्या होत्या.

मी त्याच्याबरोबर त्या सावलीत होतो. पहिली मुंगी त्याच्या मानेवर पडली. त्याने सोसले, हे मी मान्य करतो. दुसरी काखेत शिरली. तेही सोसले. मग फांदी जराशी हलली आणि सगळे पटांगण बघत असताना कमरेखाली काही न कळणारा तो मुलगा माझ्यावरून ताडकन उठला आणि सुटलेला पंचा मुठीत धरून, अधिकाऱ्यांच्या टेबलाला वळसा घालून, थेट विहिरीकडे धावला.

"अगं आई गं, काय धावतोय!" बुनतान ओरडला. "साहेब, याला पायदळातच घ्या!"

रांगेतली पोरे पोट धरून हसली. ज्यांना थोड्या वेळाने लाल चिठ्ठ्या निघणार होत्या, तीही हसली. मो थविन यांनी 'पात्र' असा शेरा मारला आणि पुढच्याला बोलावले.

प्रचुआबवर चिठ्ठी काढायची वेळ मात्र आली नाही. दुपारीच वरून निरोप आला की मुलाला दुसऱ्या डॉक्टरने आधीच तपासले आहे आणि तो अपात्र आहे. पावसाळ्याच्या आत मो थविन यांची बदली सरहद्दीवरच्या एका ठाण्यावर झाली. "तिकडे हवा चांगली असते," एवढेच ते बुनतानला म्हणाले आणि सामान बांधू लागले. बुनतान आणि मी त्यांच्याबरोबर गेलो.

मित्रांनो, माझे खरे आयुष्य तिथे गेले. तापाने फणफणलेले शिपाई, सुरुंगावर पाय पडलेले शिपाई, आणि आसपासच्या डोंगरांतली लुआ जमातीची माणसे. साप चावलेली, झाडावरून खरोखर पडलेली. एकदा एका अडलेल्या बाईला घेऊन उतरत होतो. पाऊस कोसळत होता, वाट साबणासारखी झाली होती. पुढे बुनतान, मागे मो थविन. अर्ध्या वाटेवर बाई म्हणाली, थांबा. थांबलो. तिथेच, माझ्यावर, तिला मुलगा झाला. त्याचे नाव सेंग. ठाण्याच्या कमांडरने दुसऱ्या दिवशी जाब विचारला की लष्करी सामान गावकऱ्यांसाठी का वापरले.

"ती त्याच्यावर झोपली होती साहेब," मो थविन म्हणाले. "उठवणं बरं दिसलं नसतं."

असली उत्तरे देणाऱ्याला बढती मिळत नाही. त्यांच्या मागून आलेले पुढे निघून गेले. ते मात्र त्याच ठाण्यावर चिडचिड करत राहिले. अखेर निवृत्तीच्या तोंडावर कोणाला तरी लाज वाटली आणि त्यांना मेजर केले.

मी भंगारात निघालो तेव्हा त्यांनी मला मागून घेतले. घर लाकडी खांबांवर होते. खांबांमधल्या मोकळ्या जागेत त्यांनी दवाखाना थाटला आणि काही वर्षे मी तपासणीचे टेबल झालो. मग त्यांची नजर अधू झाली, दवाखाना बंद पडला. माझ्यावर आधी लसूण आला, मग मिरच्या, मग विसूतच्या मोटारसायकलचे सुटे भाग. मो थविनही काही देवमाणूस नव्हते. माझा एक पट्टा कापून त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचे दार बांधले. ज्या वस्तूने इतक्या माणसांना धरून ठेवले, तिचा पट्टा कोंबड्यांना!

दर नववर्षाला प्रचुआबकडून टोपली येई. तोवर तो खासदार झाला होता. टोपलीत परदेशी बिस्किटांचे डबे असत आणि वर त्याचा हसरा फोटो.

"परत पाठवा बाबा," उराई म्हणे.

"बिस्किटांनी काय पाप केलंय?" असे म्हणून ते ती चहात बुडवून खात. याबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही.

एका वर्षी उराईला राहवले नाही. बुनतानकडून तिला सगळे कळलेच होते. ती म्हणाली, "हा माणूस प्रत्येक सभेत देशासाठी रक्त सांडायच्या गोष्टी करतो. तुम्ही लोकांना सांगत का नाही?"

"तो माझा पेशंट होता."

"पेशंट? त्याला काही झालंच नव्हतं!"

"तेच तर निदान होतं," मो थविन म्हणाले. "आणि निदान डॉक्टरनं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. बुनतान गाढव आहे, त्याचं सोड. तू माझी मुलगी आहेस. तू नाही बोलायचंस."

उराईने मान हलवली. त्या मान हलवण्याचा तिला पुढे किती त्रास होणार होता, हे तेव्हा तिला माहीत नव्हते.

दहनाच्या दिवशी निवेदकाने मो थविन यांचे चरित्र वाचले. ते विसूतने लिहवून घेतले होते. मो थविन यांनी गोळीबारातून अनेक सेनापतींना पाठीवर वाहून आणले, हे मी पहिल्यांदाच ऐकले. सेनापती आमच्या ठाण्यावर कधी आले नाहीत. तिथे डास फार होते. सरहद्दीवरच्या वर्षांसाठी चरित्रात एक वाक्य होते आणि अडलेल्या, ताप आलेल्या, साप चावलेल्या लुआ माणसांसाठी अर्धेसुद्धा नव्हते. ती माणसे पहाटे निघून डोंगर उतरून आली होती. विसूतच्या लोकांनी त्यांना पंख्यांच्या मागे, उन्हात बसवले होते. पुढच्या खुर्च्यांवर पांढऱ्या कडक गणवेशांतले लोक बसून कोणाच्या खुर्चीला गादी आहे ते पाहत होते.

मग प्रचुआब उभा राहिला. आता तो गुबगुबीत झाला होता आणि त्याचा आवाज गुळाच्या पाकासारखा झाला होता.

"आज मी जो काही आहे, तो मो थविन यांच्यामुळे," तो म्हणाला. "त्यांनीच मला माझ्या पायांवर उभं केलं."

हे मात्र खरे होते. बुनतानला ठसका लागला. प्रचुआबने दयाळूपणे थांबून त्याच्याकडे पाहिले.

"काका, पाणी देऊ का?"

"नको साहेब. पाय कसे आहेत तुमचे आता?"

"पाय? उत्तम आहेत की."

"अजून पळता येतं ना? तेव्हा काय सुंदर पळायचात!"

मागच्या ओळींतून, जिथे त्या पटांगणातली जुनी पोरे आता म्हातारी होऊन बसली होती, एक दबके हसू पुढे सरकत आले. प्रचुआबचे कान लाल झाले. पण तो मुरलेला होता. त्याने माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "याच स्ट्रेचरवर मीही एकदा वेदनेनं तळमळलो आहे. हा मला द्या. वीरांच्या दालनात, काचेच्या पेटीत, मी त्याला मानानं ठेवीन."

विसूतचे हात आधीच जोडलेले होते. पण थोरलीने आभार मानायची रीत असल्यामुळे निवेदकाने माइक उराईला दिला.

मित्रांनो, मला वाटले, आता सांग. एक वाक्य पुरे आहे. मागच्या रांगा त्या वाक्याची वाटच बघत होत्या; बुनतान तर ओठ हलवून तिला शब्द पुरवत होता. उराईने वडिलांच्या फोटोकडे पाहिले. फोटोतही ते चिडलेलेच होते.

"खासदारसाहेबांचे आभार," ती म्हणाली. "पण हा स्ट्रेचर देता येणार नाही. तो कामात आहे."

"ताई!" विसूत दातांमधून म्हणाला.

"कामात?" प्रचुआब हसला. "कुठल्या हो?"

"माणसं न्यायच्या."

हे धडधडीत खोटे होते. त्या घटकेला मी फक्त एक हार वाहत होतो. उराईने पंख्यांच्या वरून मागे नजर टाकली आणि एक ओळखीचा चेहरा शोधला.

"सेंग, वर तुमच्या गावाला गाडी येते का रे?"

सेंग गोंधळून उभा राहिला. त्याला वाटले, काही चुकले. "यायची बाई. रस्ता झाला होता. गेल्या पावसात गेला वाहून."

"मग आजारी माणसाला कसं आणता?"

"घोंगडीची झोळी करून. दुसरं काय करणार?"

"कोणी बांधला होता रस्ता?" मागून बुनतानने विचारले. त्याला कोणी विचारले नव्हते.

सेंगने भाबडेपणाने विसूतकडे बोट दाखवले. या वेळी हसू दबके नव्हते.

"बाबांनी असं काही सांगितलं होतं?" विसूतने बहिणीला विचारले. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "वर पाठवा म्हणून?"

"नाही. मी सांगतेय. सेंग, जाताना घेऊन जा."

प्रचुआबने क्षणभर हिशेब केला. समोर सगळे मतदार होते. "वा! जनसेवा!" असे म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या, आणि तो टाळ्या वाजवतो म्हणून गणवेशवाल्यांनीही वाजवल्या.

आमच्याकडे पहिला अग्नी खोटा असतो. मुख्य पाहुण्याने पेटीवर चीवर, म्हणजे भिक्खूंचे वस्त्र, ठेवायचे, भिक्खूंनी ते उचलायचे, मग पाहुण्यांनी एकेक करून लाकडाच्या पातळ सालपटांची फुले पेटीखाली ठेवायची. थोडा धूर निघतो, फोटो निघतात आणि खाऊचा डबा घेऊन लोक निघतात. खरा अग्नी नंतर, घरची माणसे उरल्यावर. प्रचुआबने खोटा अग्नी दिला. त्या कामाला त्याच्याइतका लायक माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता.

गाड्या गेल्यावर उराईने पंख्यांची रांग बाजूला सारली आणि उन्हात बसलेल्यांना पुढे बोलावले. "आता या. आता खरं आहे." बुनतान आला, सेंग आला, लुआ बाया आल्या. विसूत खांबाला टेकून एकटा उभा होता.

"तूही ये," उराई त्याला म्हणाली.

"माझा पूल गेला, ताई."

"बरं झालं. तोही वाहूनच गेला असता. ये, बाबांना नमस्कार कर."

तो आला आणि लहान मुलासारखा रडला. त्याच्याबद्दल माझे मत बदललेले नाही, पण ते रडणे खरे होते, ही नोंद मी करतो.

दिवस मावळण्याआधी मी सेंगच्या खांद्यावर डोंगर चढत होतो. हार उराईने स्वतःच्या हातांनी उतरवला होता.

पावसाळ्याच्या शेवटी ती वर आली. माइकवर बोललेले आपले वाक्य खोटे तर राहिले नाही ना, हे तिला पाहायचे होते. मी सेंगच्या ओसरीत नव्हतो; तिथले बोलणे मला मागाहून कळले.

"विकलात?" तिचा चेहरा पडला.

"विकतोय कुठं बाई! पोरं गावातल्या एका म्हातारीला घेऊन खाली गेलीत. छातीत कळ आली होती तिच्या."

उराई पायरीवर बसून राहिली. दुपारी पोरे मला घेऊन परतली. म्हातारी खाली दवाखान्यात होती. जिवंत होती आणि डॉक्टरला शिव्या देत होती. उराईने सुटकेचा निःश्वास टाकला, मला उलगडले, आणि मग तिचा जो पारा चढला, तो मला फार ओळखीचा वाटला.

"ओला गुंडाळलात? कुजेल हा! आणि पट्ट्याच्या जागी ही प्लॅस्टिकची दोरी? वाटेत सुटली असती म्हणजे?"

"पण नाही सुटली, बाई," सेंग हळूच म्हणाला.

"नशीब म्हातारीचं. त्यात तुमचं काही नाही. सुई आण. जाड दोरा आण. आणि हसू नकोस."

तिने मला ओढ्यावर धुतले, उन्हात ताणून बांधले, नवा पट्टा शिवला आणि सेंगला माझ्यावर आडवे पडायला लावून, पट्टा टिकतो की नाही ते ओढून पाहिले. शेवटी ती "हं" म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठेतरी माझा एखादा भाऊबंद पडून असेल; शाळेच्या जिन्याखाली, कचेरीतल्या कपाटामागे, खोक्यांच्या ढिगाखाली. त्याला हार घालू नका. काच नको, आणि भाषण तर मुळीच नको. त्याला बाहेर काढा. कापड कोरडे आहे का ते पाहा, पट्टे ओढून पाहा. दांड्याला तडा गेला असेल तर आजच बदला; तो लागेल त्या दिवशी बदलायला कोणाला वेळ नसेल. आणि उचललात की पुढच्याने आणि मागच्याने पावले जुळवा. वर झोपलेल्याला तुमच्यातले तेवढेच कळते.